भारत-ब्राझील : जिनिव्हात कधी एका बाकावर, कधी समोरासमोर

प्रश्न असा आहे : भारत आणि ब्राझील ब्रिक्समध्ये आहेत, जी-२० मध्ये आहेत, सुरक्षा परिषदेतल्या कायम जागेसाठी एकमेकांना पाठिंबा देतात. मग दोघांमधला व्यापार इतका किरकोळ का? आणि परिषदांमधल्या फोटोंपलीकडे या नात्यात काही आहे का?

मी शेतीची औषधं, मुख्यतः बुरशीनाशकं, ब्राझीलला पाठवण्याच्या धंद्यात बरीच वर्षं आहे. त्यामुळे माझं उत्तर परराष्ट्र खात्याच्या खिडकीतून नाही, गोदामाच्या दारातून येणार, हे आधीच सांगून ठेवतो. नातं आहे, आणि वरून दिसतं त्यापेक्षा खोल आहे. पण ते शेतीने घडवलंय. अडवून धरलंय तेही शेतीनेच, कारण दोघे बऱ्याच अंशी तेच पिकवतात.

आधी आकडा. २०२४ मध्ये दोन्ही देशांमधली उलाढाल साधारण बारा अब्ज डॉलरची होती. २०२२ मध्ये ती पंधरा अब्जांच्या पुढे गेली होती, मग घसरली. ब्राझीलचा एकट्या चीनशी व्यापार दीडशे अब्ज डॉलरच्या वर आहे. जुलै २०२५ मध्ये पंतप्रधान मोदी राजधानी ब्राझीलियाला गेले, तेव्हा पाच वर्षांत वीस अब्जांचं उद्दिष्ट ठरलं. मला ते अशक्य वाटत नाही, पण ते कशाच्या जोरावर गाठायचं हे कळायला थोडं मागे जावं लागेल.

२२ एप्रिल १५०० रोजी पेद्रू आल्व्हारिश काब्राल ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला, तेव्हा तो निघाला होता कालिकतला. ब्राझीलमध्ये काही दिवस थांबून तो पुढे आला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कालिकतला पोचलाही. म्हणजे ब्राझीलच्या पाठ्यपुस्तकातला पहिला धडा हा भारताच्या वाटेवरचा एक मुक्काम आहे. त्यानंतरची तीन शतकं पोर्तुगिजांच्या जहाजांनी दोन्हीकडची झाडं इकडून तिकडे नेली. काजू, अननस, पेरू ही अमेरिका खंडातली फळं याच वाटेने गोवा-कोकणात आली, आणि आपला आंबा-फणस तिकडे गेला. रिओ शहरातच तिजुका नावाचं जंगल आहे. तिथे फणस इतका माजलाय की वनखात्याच्या लेखी तो परका आणि उपद्रवी ठरलाय. कोकणातल्या माणसाला हे पटवून देणं कठीण आहे.

गोव्याचा धागा राजकारणातही आडवा आला. दिल्ली आणि रिओ यांच्यात १९४८ मध्ये संबंध जुळले, पण ब्राझीलची भावनिक ओढ लिस्बनकडे होती. १९५५ मध्ये भारताने पोर्तुगालशी संबंध तोडले, तेव्हा भारतातले पोर्तुगालचे हितसंबंध सांभाळायचं काम ब्राझीलच्या दूतावासाकडे गेलं. गोवामुक्तीच्या काळात वसाहतवादविरोधी देशांच्या रांगेत ब्राझील आपल्या बाजूला उभा नव्हता. आज कोणी हे काढत नाही, आणि काढायचं कारणही नाही. पण ‘आपण पहिल्यापासूनचे मित्र’ असं भाषणात ऐकलं की मला हसू येतं.

खरी मैत्री त्याच काळात दुसरीकडे चालू होती : गुरांच्या बाजारात. या विषयावर मी जरा जास्त बोलणार, कारण भारतातून बाहेर गेलेल्या कुठल्याच गोष्टीने एका देशाचं अर्थकारण इतकं बदललं नसेल. ब्राझीलमध्ये युरोपातून आणलेली गुरं उन्हाने आणि गोचिडांनी हैराण व्हायची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिनास जेराइस राज्यातल्या उबेराबा गावचे व्यापारी थेट भारतात आले आणि वशिंडाची गुरं जहाजात घालून घेऊन गेले. आंध्रची ओंगोल तिकडे ‘नेलोर’ झाली, कच्छ-बनासकाठ्याची कांकरेज ‘गुझेरा’ झाली, सौराष्ट्राची गीर मात्र ‘जीर’ या उच्चाराने का होईना, गीरच राहिली. आज ब्राझीलमध्ये माणसांपेक्षा गुरं जास्त आहेत, आणि त्यांतली बहुसंख्य या भारतीय रक्ताची आहेत. जगात सर्वांत जास्त गोमांस निर्यात करणाऱ्या देशाचा पाया ओंगोलच्या बैलावर उभा आहे, यातला विरोधाभास दोन्ही सरकारं शिताफीने टाळतात.

या वाहतुकीची एक बाजू फार थोड्यांना ठाऊक असते. १९२० मध्ये ब्राझीलकडे निघालेली भारतीय उपखंडातली गुरं बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात उतरवली गेली आणि त्यांच्याबरोबर बुळकांडी या गुरांच्या रोगाची साथ युरोपात शिरली. त्या धक्क्यातून १९२४ मध्ये पॅरिसला पशुरोगांसाठीची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. आज जनावरांच्या निर्यातीला जी आरोग्य प्रमाणपत्रं लागतात, त्या सगळ्या व्यवस्थेचं मूळ भारत-ब्राझील गुरांच्या एका खेपेत आहे. पुढे ब्राझीलने आयात बंद केली, मध्येच सूट दिली, आणि १९६२ च्या शेवटच्या मोठ्या खेपेला अटलांटिकमधल्या फर्नांदो दि नोरोन्या बेटावर विलगीकरणात ठेवून मग मुख्य भूमीवर घेतलं.

नंतर ब्राझीलने जे केलं ते आपल्याला जमलं नाही. त्यांनी प्रत्येक जनावराची वंशावळ लिहिली, दुधाच्या नोंदी ठेवल्या, निवड केली. गीर आणि युरोपातली होल्स्टीन यांच्या संकरातून ‘जिरोलांदो’ जात उभी केली आणि आज तिथल्या दुधाचा मोठा हिस्सा तिच्यावर चालतो. ‘व्हियातिना-१९’ नावाच्या नेलोर गायीची किंमत २०२३ मध्ये चाळीस लाख डॉलरच्या वर गेली, जगातली सर्वांत महाग गाय म्हणून तिची नोंद झाली. आणि आता आपण ब्राझीलहून गीर वळूंच्या रेतमात्रा आयात करतोय. ‘हे आमचंच होतं’ म्हणणाऱ्यांचं दुःख मला कळतं. पण वंश त्यांनी राखला तो वहीत नोंदी करून, आणि आपण ती वही ठेवली नाही. उबेराबात दर वर्षी भरणारं ‘एक्स्पोझेबू’ प्रदर्शन एकदा बघावं. गळ्यात दोरखंडाऐवजी पट्टा, अंगाला तेल, शिंगं घासलेली, आणि समोर लिलाव पुकारणारा माणूस अशा वेगाने बोलतो की आकड्यांखेरीज काही कळत नाही.

आता साखर. हा भाग महाराष्ट्रातल्या वाचकाला सगळ्यात जवळचा. कोल्हापूर-सांगलीत गाळप हंगाम सुरू झाला की वर्तमानपत्रांत ब्राझीलच्या उसाची बातमी येतेच, आणि ती उगाच येत नाही. ब्राझीलमध्ये वर्षाला चार कोटी टनांच्या आसपास साखर होते आणि तिचा बराचसा भाग निर्यात होतो, त्यामुळे जगातला भाव साव पावलू राज्याच्या शेतांवर ठरतो. तिथला मुख्य हंगाम एप्रिल ते नोव्हेंबर, आपला दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत. तिथल्या कारखान्याला एक सोय आहे : त्याच रसातून साखर काढायची की इथेनॉल, हे तो आठवड्या-आठवड्याला बाजार बघून फिरवतो. पेट्रोल महागलं की इथेनॉल, साखर महागली की साखर. आपल्याकडे उसाचा किमान दर, म्हणजे एफआरपी, केंद्र ठरवतं, इथेनॉलचा दर केंद्र ठरवतं, निर्यातीचा कोटाही केंद्र ठरवतं. कारखानदाराच्या हातात फिरवायला फारसं काही उरत नाही.

इथेच मित्र समोरासमोर येतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये ब्राझीलने जिनिव्हातल्या जागतिक व्यापार संघटनेत भारताविरुद्ध तक्रार केली. ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमालाही सोबत होते. म्हणणं असं की, उसाला दिलेला भाव आणि निर्यातीला दिलेली मदत ही मान्य मर्यादेपलीकडची आहे. डिसेंबर २०२१ मध्ये निवाडा भारताच्या विरोधात गेला. भारताने जानेवारी २०२२ मध्ये अपील केलं, पण तिथलं अपील मंडळ २०१९ च्या अखेरीपासून न्यायाधीशांअभावी बंदच आहे. त्यामुळे ते प्रकरण कपाटात पडून आहे. दरम्यान निर्यात अनुदानं गेली, उसाचा रस इथेनॉलकडे वळला, आणि भांडणाचा जोर कमी झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीतल्या जी-२० परिषदेत जागतिक जैवइंधन आघाडी जाहीर झाली, तेव्हा भारत, ब्राझील आणि अमेरिका तिच्यात पुढे होते. ब्राझीलने १९७५ मध्ये ‘प्रोआल्कूल’ योजना सुरू केली, २००३ पासून कुठल्याही मिश्रणावर चालणाऱ्या गाड्या विकल्या, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलमध्ये तीस टक्के इथेनॉल सक्तीचं केलं. आपण २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर आलो आणि लगेच मायलेजवरून आरडाओरडा सुरू झाला. ब्राझीलकडून शिकायचं असेल तर हे शिकावं : तिथे पंपावर गाडीवाल्याला निवड आहे, आणि इथेनॉल स्वस्त असेल तरच तो घेतो.

ब्राझीलमध्ये शिरणं म्हणजे काय, याचा धडा बेळगावच्या श्री रेणुका शुगर्सने घेतला. २००९-१० मध्ये त्यांनी पाराना आणि साव पावलू राज्यांतले कारखाने विकत घेतले. कल्पना हुशारीची होती : दोन्ही गोलार्धांत हंगाम, वर्षभर साखर. पुढे दुष्काळ आला, साखर पडली, तिथल्या सरकारने पेट्रोलचे दर दाबून ठेवल्याने इथेनॉलचा धंदा बसला, आणि कर्ज डॉलरमध्ये असताना रेआल हे तिथलं चलन घसरत गेलं. २०१५ मध्ये तिथल्या उपकंपन्यांना न्यायालयीन संरक्षण मागावं लागलं. चूक कुणाची हा वाद वेगळा. पण ब्राझीलमध्ये पीक, सरकार आणि चलन हे तिन्ही एकाच वर्षी उलटू शकतात, हे तेव्हापासून प्रत्येक भारतीय कंपनीच्या फायलीत लिहिलेलं असतं.

आता माझा विषय. ब्राझील हा शेती औषधांचा जगातला सर्वांत मोठा बाजार आहे. कारण साधं : थंडी नाही, त्यामुळे कीड आणि बुरशी मरत नाही, आणि एकाच जमिनीत सोयाबीनमागोमाग मका घेतात. २००१ मध्ये तिथे सोयाबीनवर आशियाई तांबेरा हा बुरशीचा रोग दिसला आणि गणित पालटलं. नव्या महागड्या बुरशीनाशकांना हा तांबेरा काही वर्षांतच सरावला. मग लोक पुन्हा मॅन्कोझेब या जुन्या बुरशीनाशकाकडे वळले, कारण ते बुरशीवर एकाच वेळी अनेक ठिकाणी मारा करतं आणि तिला सहज सरावता येत नाही. मॅन्कोझेब बनवण्यात भारत आघाडीवर. आपल्या द्राक्ष बागायतदाराच्या फवारणीत जे निळसर-पिवळं पावडरीचं पाणी असतं, त्यातलाच हा माल ब्राझीलच्या मातो ग्रोसो राज्यातल्या हजारो हेक्टरांवर विमानाने आणि ट्रॅक्टरने पडू लागला. मुंबईत मुख्यालय असलेल्या यूपीएल या शेती औषधांच्या कंपनीसाठी लॅटिन अमेरिका हा सर्वांत मोठा विभाग झाला तो या काळात.

पण हा माल तिथे पोचवणं सोपं नाही. एका उत्पादनाच्या नोंदणीला तीन दारं : परिणामकारकतेसाठी कृषी मंत्रालय, विषारीपणासाठी ‘अन्व्हिसा’ ही आरोग्य नियामक संस्था, पर्यावरणासाठी ‘इबामा’ ही पर्यावरण संस्था. तिन्हींचा होकार मिळेपर्यंत वर्षं जातात, आणि तोवर चिनी प्रतिस्पर्ध्याने भाव पाडलेला असतो. मग उधारी. तिथला शेतकरी पीक निघाल्यावर पैसे देतो, म्हणून वितरक तुम्हाला पीक निघाल्यावर देतो. कधी तर शेतकरी पैशांऐवजी सोयाबीनची पोतीच देण्याचा करार करतो, आणि औषध विकणाऱ्याला सोयाबीनच्या वायद्याचा अभ्यास करावा लागतो. व्याजदर बघा : जून २०२५ मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेने मूळ दर पंधरा टक्क्यांवर नेला. एवढ्या दराच्या देशात सहा महिने माल उधार ठेवायचा, तर भारतातल्या लहान निर्यातदाराचं भांडवल अडकून श्वास कोंडतो. २०२३ मध्ये वितरकांकडे साठा तुंबला आणि भाव कोसळले, तेव्हा मोठ्यांचेही ताळेबंद लाल झाले. व्यापार कमी का, याचं माझ्या बाजूचं उत्तर हे आहे. अंतराचा खर्च जहाजाच्या भाड्यात थोडा आणि या उधारीत फार.

औषधांची, म्हणजे माणसांच्या औषधांची, गोष्ट मात्र खऱ्या भागीदारीची आहे. २००७ मध्ये ब्राझीलने एचआयव्हीवरच्या एफाव्हिरेन्झ या औषधासाठी सक्तीचा, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीशिवायचा, परवाना काढला आणि स्वतःचा कारखाना तयार होईपर्यंत ते भारतातून आणलं. डिसेंबर २००८ मध्ये भारतातल्या डॉ. रेड्डीजचा लोसार्टन या रक्तदाबावरच्या औषधाचा माल ब्राझीलला चालला असताना नेदरलँड्सच्या कस्टम्सने पेटंटच्या नावाखाली अडवला. पेटंट होतं नेदरलँड्समध्ये. ना भारतात, ना ब्राझीलमध्ये. माल परत पाठवला गेला. २०१० मध्ये दोन्ही देश युरोपीय संघाविरुद्ध एकाच वेळी जागतिक व्यापार संघटनेत गेले आणि युरोपला आपले नियम सैल करावे लागले. त्याच जिनिव्हात नऊ वर्षांनी साखरेवरून आपण समोरासमोर बसलो. यात ढोंग कुणाचंच नाही. औषधात एक विकतो, दुसरा घेतो. साखरेत दोघेही विकतात.

जानेवारी २०२१ मध्ये पुण्याच्या सीरममधून वीस लाख कोविशील्ड डोस मुंबई विमानतळावरून ब्राझीलला गेले. राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारोंनी द्रोणागिरीऐवजी लस उचलून उडणाऱ्या हनुमानाचं चित्र टाकून आभार मानले. ते चित्र सर्वांना आठवतं. त्याच्या आदल्या आठवड्यात ब्राझीलने विमान सजवून तयार ठेवलं होतं आणि दिल्लीने ‘अजून वेळ आहे’ म्हणून थांबवलं होतं, हे कमी जणांना. आणि त्याच वर्षी कोव्हॅक्सिनच्या खरेदीवरून तिथल्या संसदीय समितीत गदारोळ होऊन तो करार मोडला, हे तर कुणी बोलतच नाही.

बाकीचं भराभर सांगतो. भारतातून डिझेल, शेती औषधं, औषधांचा कच्चा माल, सूत, वाहनांचे सुटे भाग जातात. तिकडून कच्चं तेल, सोयाबीन तेल, साखर, सोनं येतं. अलीकडे ब्राझीलचे शेतकरी खास भारतासाठी उडीद घेऊ लागलेत. तिथे तो कोणी खात नाही, त्यांचा काळा घेवडा वेगळा. डीआरडीओचं ‘नेत्र’ टेहळणी विमान ब्राझीलच्या एम्ब्राएर कंपनीच्या विमानाच्या सांगाड्यावर आहे. ब्राझीलचा अमेझोनिया-१ उपग्रह इस्रोने २८ फेब्रुवारी २०२१ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडला. पुण्याच्या बजाजने २०२४ मध्ये मनाउसला मोटारसायकलींचा कारखाना सुरू केला. मनाउसलाच का, तर अमेझॉनच्या मध्यात असलेल्या त्या शहराला करसवलत आहे.

संस्कृतीचं म्हणाल तर गंमत अशी की, त्यासाठी तिथे भारतीयांची गरज लागलेली नाही. भारतीय तिथे मोजकेच आहेत. तरी साल्व्हादोर शहरात १९४९ मध्ये, गांधीहत्येच्या पुढच्याच वर्षी, गोदी कामगारांनी ‘फिल्योस दि गांधी’ म्हणजे गांधींची लेकरं या नावाचं पथक काढलं. आजही कार्निव्हलमध्ये हजारो पुरुष पांढरे कपडे, फेटे आणि निळ्या-पांढऱ्या माळा घालून आफ्रिकन तालावर चालतात. २००९ मध्ये ग्लोबो वाहिनीवर भारतात घडणारी मालिका लागली, तेव्हा ब्राझीलच्या बायका बांगड्या घालू लागल्या. त्या मालिकेतला भारत आपल्याला ओळखू येणार नाही, पण माझ्या धंद्यातली बोलणी तेव्हा सोपी झाली, हे मान्य करायला हवं. वेदान्त शिकवणाऱ्या ग्लोरिया आरिएरा यांना २०२० मध्ये आणि जोनास मासेती यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. दोघेही ब्राझीलमध्ये वाढलेले, पोर्तुगीजमध्ये गीता शिकवणारे.

पुढे काय? ब्राझील ज्यात आहे त्या दक्षिण अमेरिकेतल्या मर्कोसूर व्यापारगटाशी आपला सवलतीचा करार १ जून २००९ पासून लागू आहे, पण तो दोन्ही बाजूंच्या जेमतेम साडेचारशे वस्तूंपुरता, आणि सवलतही बहुतेक ठिकाणी नावाला. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने दोघांवरही पन्नास टक्के आयातशुल्क लावलं, तेव्हा दोघांनाही ही जुनी फाईल आठवली. ऑक्टोबरमध्ये उपराष्ट्राध्यक्ष आल्कमिन दिल्लीत येऊन कराराची व्याप्ती वाढवण्याबद्दल बोलले. वाढली तर औषधं, रसायनं, वाहनांचे भाग यांना फायदा होईल. शेतमालाच्या यादीला दोन्हीकडे हात लागणार नाही, असा माझा अंदाज आहे. वीस अब्ज गाठले तर ते तेल आणि डिझेलच्या भावाने गाठले जातील, आमच्यासारख्यांच्या मालाने नव्हे.

प्रश्न विचारणाऱ्यांपैकी कुणी तिथे खरोखर माल पाठवणार असेल तर चार-पाच गोष्टी. ब्राझीलमध्ये स्पॅनिश चालेल असं धरून जाऊ नका. पोर्तुगीज शिका, निदान पत्रं तरी पोर्तुगीजमध्ये लिहा. बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाजी मालाच्या पावतीवर, आयातदाराचा करक्रमांक आणि मालाचा तिथला कोड नसेल, तर सांतोस बंदरात माल सुटत नाही आणि विलंब-आकार तुमच्या डोक्यावर. लाकडी पेट्यांवर प्रक्रियेचा शिक्का नसेल तर पेटीसकट माल परत येऊ शकतो. कर-पद्धत २०२६ ते २०३३ दरम्यान टप्प्याटप्प्याने बदलते आहे, तेव्हा जुन्या हिशेबाने भाव देऊ नका. आणि तिथला माणूस आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे असतो. त्याचं ऑफिस उघडतं तेव्हा न्हावाशेव्यातली दिवसपाळी संपत आलेली असते. कागद दुरुस्त करायचा असेल तर आदल्या दिवशीच संध्याकाळी फोन करा.